राजीनामा नको, रजा द्या: कोल्हापूरच्या उद्योजक संघटनांना खुलं पत्र

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि शिवाजी उद्यमनगर येथील उद्योजक संघटनांचे पदाधिकारी व सभासद

सप्रेम नमस्कार.

बाळंतपणाची रजा संपत आली की कारखान्याच्या ऑफिसात होणारं बोलणं जवळजवळ ठरलेलं असतं. "बाळाला बघायला घरी कोणी नाही, लगेच येणं जमणार नाही," असं कामावरची बाई सांगते. "मग राजीनामा देऊन टाका, हिशेब करून देतो," असं उत्तर मिळतं. दोन्ही बाजूंना त्यात वावगं काही वाटत नाही. आम्ही आपल्याच वसाहतींमधली पगारपत्रकं करतो, पीएफ आणि ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) भरणे करतो. आमच्यातल्या काहीजणी शहरात पाळणाघरं चालवतात. आम्हाला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाने दोन वर्षं घरी राहणं कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांना ओढूनताणून का होईना परवडू शकतं. राजीनामा मात्र परवडत नाही. आणि रजा की राजीनामा, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

आकडे मांडूनच बोलू. नवरा मशीनशॉपला, एकूण पगार ३२ हजार. बायको इन्स्पेक्शनला किंवा अकाउंट्सला, एकूण २० हजार. दोघांचा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापला जातो. हे आकडे उदाहरणाचे आहेत, ज्याने त्याने आपले घालून बघावेत. तिच्या पगारातून पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे पाऊण टक्क्याने १५० जातात. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंतच्या पगारावर महिलांना व्यवसाय कर नाही, म्हणून हातात १८,०५० पडतात. आता कामावर जाण्याचा खर्च. पाळणाघर ४,५००. राजारामपुरीतून गोकुळ शिरगावला जाऊन-येऊन रोज २० किलोमीटर धरले तर २६ दिवसांचे ५२० होतात. मोपेडने लिटरला ४५ दिले आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर १,२००. भांडी-फरशीच्या मावशींचे २,०००. चहा-नाष्टा, कपडे, किरकोळ मिळून १,०००. झाले ८,७००. उरले ९,३५०.

घरोघरी निर्णय होतो तो या ९,३५० वर. "एवढ्याशा पैशासाठी लेकराचे हाल कशाला?" असं सासू म्हणते, नवरा म्हणतो, बहुतेक वेळा ती स्वतःही म्हणते. पण हा आकडाच अपुरा आहे. कापले गेलेले १,८०० तिचेच आहेत. मालकाकडून तेवढेच आणखी १,८०० भरले जातात. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर वर्षाला १५ दिवसांची, म्हणजे १५ हजारांवर वर्षाला ८,६५४ आणि महिन्याला ७२१. किमान ८.३३ टक्के बोनस सात हजारांवरच धरला तरी महिन्याला ५८३. हे सगळं मिळवलं की तिची नोकरी घरात महिन्याला १४,२५० च्या आसपास आणते. ज्याच्यावर निर्णय झाला त्या आकड्याच्या दीडपट.

ईएसआय तर यात धरलेलंच नाही. नवऱ्याचा पगार २१ हजारांच्या वर असल्यामुळे तो ईएसआयमध्ये नाही. घरातल्या सगळ्यांना दवाखाना आणि औषधं मिळतात ती तिच्या कार्डावर. ती बाहेर पडली की मुलाचा ताप, नवऱ्याचा बीपी, सगळं खिशातून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते यादीतल्या उपचारांसाठी दाखल झाल्यावर. रोजच्या ओपीडीला आणि गोळ्यांना ते लागू नाही. बाजारातली पॉलिसी घ्यायची तर राजीनाम्याच्या आधी घ्यावी लागते, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. हा मुद्दा राजीनामा लिहून घेताना कोणी सांगत नाही.

आता फक्त त्याच्या पगारावर घर चालवून बघू. ३२ हजारांतून पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात ३० हजार. किराणा-भाजी ७,०००. दूध रोज दीड लिटर, ६० च्या भावाने २,७००. गॅस-लाइट २,२००. पेट्रोल १,५००. डॉक्टर, औषधं, मोठ्या मुलाची शाळा मिळून २,०००. फोन-नेट ७००. एकूण १६,१००. म्हणजे घर वडिलोपार्जित असेल, मंगळवार पेठेत किंवा गावाकडे, तर १३,९०० उरतात आणि दोन वर्षं सहज निघतात. पण १५ लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलेलं असेल तर हप्ता १३,०१७ चा. उरले ८८३. एका आजारपणात किंवा एका लग्नाच्या आहेरात ते संपतात. घरी बसणं परवडतं की नाही हे पगारापेक्षा हप्ता ठरवतो, आणि तो हप्ता बँकेने दोघांचं उत्पन्न एकत्र धरून मंजूर केलेला असतो. मूल होण्याआधी घर घेणाऱ्या जोडप्यांना आमचं सांगणं आहे: कर्ज दोघांच्या पगारावर मिळत असलं तरी हप्ता एकाच्या पगारात बसेल एवढाच ठेवा.

मोठ्या पगाराच्या घरांसाठी जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे आयकर नवरा-बायकोचा वेगवेगळा मोजला जातो. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत दोघांना सात-सात लाख पगार असेल तर कर शून्य. तेच १४ लाख एकटा कमवत असेल तर उपकरासह ८१,९०० रुपये कर. घरातलं उत्पन्न तेवढंच, तरी एकाने घरी राहण्याला हा दंड आहे. तो आपण इथून बदलू शकत नाही.

आपण बदलू शकतो ते पुढचं. दोन वर्षं ती घरी राहिली तर हातातल्या रकमेचं नुकसान ९,३५० गुणिले २४, म्हणजे २,२४,४००. मोठी रक्कम आहे, पण तिला शेवट आहे. राजीनाम्याच्या नुकसानाला शेवट नाही. वर्षाला सहा टक्के वाढ धरली तर तिची जागा दोन वर्षांनी २२,४७२ ची झालेली असते. राजीनामा देऊन परत आलेल्या बाईला "गॅप आहे" म्हणून १५ हजारांवर नवीन माणसासारखं घेतलं, तर दरमहा ७,४७२ चा फरक पडतो. दोन वर्षं घरी राहून जेवढं गेलं, तेवढं या फरकात परत कामावर आल्यानंतरच्या अडीच वर्षांत जातं. आणि हा फरक त्यानंतरही संपत नाही, कारण पुढची प्रत्येक वाढ त्या कमी पगारावर मिळते.

ग्रॅच्युइटीचं तसंच. अट पाच वर्षांची आहे. साडेचार वर्षांवर राजीनामा दिला तर हातात काही नाही. पाच पूर्ण झाली असती तर १५ हजारांच्या मूळ पगारावर ४३,२६९ मिळाले असते. पेन्शनचा घोळ याहून वाईट. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते. सात वर्षं झालेली बाई राजीनामा देते, आणि पीएफ काढण्याच्या फॉर्मबरोबर फॉर्म १०सी वर पेन्शनची रक्कमही काढून घेते. "सगळं एकदमच काढून देऊ," असं ऑफिसातलाच कोणी तरी सांगतो. तिथे तिची सात वर्षं पुसली जातात. त्याच फॉर्म १०सी वर रक्कम न काढता स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. मग पुढे कधीही तीन वर्षं नोकरी केली की दहा भरतात. आपल्या ऑफिसातल्या माणसांना एवढं जरी सांगून ठेवलंत तरी कितीतरी बायकांचं म्हातारपण थोडं सुकर होईल.

म्हणून पहिली विनंती. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत, जास्तीत जास्त दोन वर्षांची बिनपगारी रजा लेखी द्या, परतीच्या तारखेसह. यात कारखान्याचा खर्च किती? ईसीआर, म्हणजे पीएफचं मासिक विवरणपत्र, भरताना तिचं नाव काढायचं नाही. पगार शून्य दाखवून एनसीपीच्या (वर्गणी नसलेल्या दिवसांच्या) रकान्यात महिन्याचे पूर्ण दिवस टाकायचे आणि नोकरी सोडल्याची तारीख भरायची नाही. ईएसआयच्या मासिक भरण्यात शून्य दिवसांपुढे 'रजेवर' हे कारण निवडायचं. त्या महिन्यांत तिच्या नावाने वर्गणीचा एक रुपयाही भरावा लागत नाही. नोकरी न सोडता पीएफमधून अंशतः रक्कम काढता येते हे तिला सांगा, कारण पैशाची नड म्हणून पीएफसाठीच राजीनामा देणाऱ्या अनेकजणी असतात.

या रजेतले दोन खड्डे आधीच दाखवून द्यायला हवेत. पगार शून्य असताना ईएसआयचं औषधपाणी काही काळाने थांबतं. तेव्हा कारखान्याची गट आरोग्य विमा पॉलिसी असेल तर रजेवर असलेल्यांची नावं तीत चालू ठेवा. हप्ता तिने भरला तरी चालेल. दुसरा खड्डा असा की ईएसआयच्या प्रसूती लाभासाठी आधीच्या दोन वर्गणी कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांचे) मिळून ७० दिवस भरलेले लागतात. बिनपगारी रजेतच दुसरं बाळंतपण आलं तर ही अट भरत नाही आणि २६ आठवड्यांचे पैसे बुडतात. दुसऱ्या मुलाचा विचार असेल त्या जोडप्याला हे रजेच्या अर्जावर सही करण्याआधी कळलं पाहिजे.

प्रसूती रजेचा पगार मालकाला अंगावर घ्यावा लागतो म्हणून बायकांना कामावर घ्यायलाच नको, असं आपल्यापैकी काहीजण उघड बोलतात. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआयमध्ये असलेल्या बाईचे २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय महामंडळ थेट तिच्या खात्यात भरतं. आपल्या गल्ल्यातून ते जात नाहीत. २० हजारांच्या पगारावर ही रक्कम सुमारे १ लाख २० हजार होते. घराने त्यातली निम्मी बाजूला टाकली तरी पुढच्या दोन वर्षांतले सहा महिने भरून निघतात.

ही रजा बापालाही द्या. सरकारी नोकरांना दोन-चार सवलती तरी आहेत. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. खासगी कारखान्यातल्या बापासाठी कायद्यात काहीच नाही. ज्याचा पगार कमी त्याने थांबायचं असं घरात ठरतं, आणि पगार कमी असतो तो बहुधा बाईचा. देशाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरचं विनामोबदला काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ८८. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा घरी असतो म्हणजे मूल सांभाळलं जातं, हाही गैरसमज काढून टाकायला हवा. तो झोपलेला असतो, आणि रांगणारं मूल स्वयंपाकघरात पोहोचायला दोन मिनिटं लागत नाहीत.

दुसरी विनंती पाळणाघराची, आणि इथे आम्हाला जरा सविस्तर बोलायचं आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, अशी दुरुस्ती प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची तरतूद आहे. आपल्या वसाहतींत अडचण अशी की फाउंड्री एका नावावर, मशीनशॉप दुसऱ्या, फेटलिंग (ओतीव मालाची साफसफाई) ठेकेदाराकडे. एकेकाची हजेरी पन्नासच्या खालीच राहते. पण त्याच संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायला स्पष्ट मुभा आहे. संघटनेने ते अंगावर घ्यावं.

तीस मुलांच्या पाळणाघराचा महिन्याचा हिशेब असा बसतो. एक प्रमुख १८ हजार, तीन सांभाळणाऱ्या प्रत्येकी १३ हजार, एक मदतनीस ११ हजार, मिळून ६८ हजार. त्यावर मालकाचा पीएफ-ईएसआय सव्वासोळा टक्क्यांनी ११,०५०. भाडं २५ हजार. दूध आणि खाणं, मुलामागे रोज ३५ रुपयांनी २६ दिवसांचे २७,३००. लाइट, इन्व्हर्टर, गॅस, साबण-फिनेल ९ हजार. डॉक्टरची फेरी, औषधपेटी, दुरुस्ती ५ हजार. बेरीज १,४५,३५०, म्हणजे मुलामागे ४,८४५. पालकांकडून दीड हजार घेतले तर ४५ हजार जमतात. राहिलेले सुमारे एक लाख रुपये दहा कारखान्यांत वाटले की एकेकाच्या वाट्याला महिना दहा हजार. शिकून तयार झालेली इन्स्पेक्टर गेली की तिच्या जागी नवीन माणूस हाताशी येईपर्यंत जे रिजेक्शन होतं, त्याचा आकडा आपल्याला आमच्याहून चांगला ठाऊक आहे.

अशी पाळणाघरं बंद पडतात ती पैशाअभावी कमी आणि वेळ चुकल्यामुळे जास्त. पहिली पाळी सातला सुरू होत असेल आणि पाळणाघर साडेनऊला उघडत असेल, तर तिथे पाळीवरच्या बाईचं मूल येणारच नाही. उघडायचं पावणेसातला, आणि बंद करायचं जनरल पाळी सुटल्यावर पाऊण तासाने. ज्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते त्यांचं मूल रविवारी कुठे ठेवायचं, हाही प्रश्न आहे. शाळा आणि अंगणवाडी त्या दिवशी बंद. सभासदांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या असतील तर पाळणाघर सातही दिवस चालवून सांभाळणाऱ्यांच्या सुट्ट्या फिरत्या ठेवाव्या लागतात.

जागा निवडताना फेटलिंग आणि सॅंड प्लांटपासून लांब, वाऱ्याबरोबर धूळ येणार नाही अशा अंगाला. वाळूची बारीक धूळ तान्ह्या मुलाच्या छातीत जाते. दीड वर्षाच्या आतल्या मुलांसाठी पाळणाघर कामाच्या ठिकाणाजवळच हवं, नाहीतर अंगावर पाजायला जाण्याच्या वेळा कागदावरच राहतात. तीन वर्षांपुढच्या मुलांना घराजवळचं चालतं. तीन वर्षांच्या आतल्या दहा मुलांमागे एक बाई लागतेच, त्यात काटकसर करू नका. आईचं काढून ठेवलेलं दूध साध्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बाटलीवर नाव, तारीख, वेळ नसेल तर ते देऊ नये. मूल न्यायला येणाऱ्यांची नावं आणि फोटो आधीच घेऊन ठेवावेत, आणि ओळखीचा शेजारी आला तरी यादीत नाव नसेल तर मूल द्यायचं नाही.

शिरोलीसाठी एक वेगळी काळजी घ्यायला हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. मूल पाण्याच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला, असं होता कामा नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचलं की नदीपलीकडून येणारी मुलं त्या दिवसापासून पाळणाघरात घेऊ नयेत आणि त्यांच्या आईला किंवा बापाला रजा मिळावी, असा नियम आधीच लिहून ठेवा. ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत वाट बघू नये. तरीही कोणी अडकलंच तर एका रात्रीचं दूध, पाणी आणि अंथरूण पाळणाघरात असावं.

सरकारी योजनांवर हे सोडून देता येणार नाही. अंगणवाडी पूर्ण पाळीइतका वेळ चालत नाही. लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार आहेत, पण अट वार्षिक अडीच लाखांच्या उत्पन्नाची. वरच्या उदाहरणातलं घर एकट्या नवऱ्याच्या ३ लाख ८४ हजारांवरच त्यातून बाहेर पडतं.

परत येणाऱ्यांसाठी थोडी तयारी लागते. दर तीन महिन्यांनी एक दिवस पगारी हजेरीवर बोलवा. अकाउंट्सची बाई २०२५ च्या सप्टेंबरआधी रजेवर गेली असेल तर ती परत येते तेव्हा जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पाच गेलेला असतो. इन्स्पेक्शनच्या बाईला नवी ड्रॉइंग्ज आणि नवी गेज दिसतात. अशा एकेका दिवसाने ती नवखी राहत नाही. पहिले तीन महिने दहा ते दोन अशी अर्धी पाळी दिली तर मूलही पाळणाघराला रुळतं. मधल्या दोन वर्षांसाठी तिच्या जागी ठराविक मुदतीची नेमणूक करा आणि मुदत त्या नेमणूकपत्रात लिहा, म्हणजे परतीच्या दिवशी एकाच खुर्चीवर दोघंजण उभे राहणार नाहीत.

रजेच्या पत्राला वकील लागत नाही. एवढा मजकूर पुरतो: "आपणास अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बालसंगोपनासाठी बिनपगारी रजा मंजूर करण्यात येत आहे. या काळात आपली सेवा खंडित समजली जाणार नाही. परत रुजू होताना आपणास त्याच किंवा समकक्ष पदावर, त्या वेळी त्या पदास लागू असलेल्या पगारावर घेण्यात येईल. रुजू होण्याच्या ३० दिवस आधी लेखी कळवावे." पगाराचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर परतल्यावर पुन्हा १५ हजारांपासूनच बोलणं सुरू होतं.

आपल्या कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीआधी प्रत्येक सभासदाकडून एका कागदावर तीनच गोष्टी मागवा: पाळ्यांच्या वेळा, साप्ताहिक सुट्टीचा वार, आणि कामगारांच्या सहा वर्षांखालच्या मुलांची संख्या, आया आणि बाप दोघांचीही धरून. पाळणाघर कुठे आणि किती वाजता उघडायचं हे त्यावरून ठरेल. पगारपत्रकातल्या नोंदी आणि पाळणाघराचा आराखडा आम्ही विनामोबदला करून देऊ.

आपले,
कोल्हापुरात पगारपत्रकांचं, पीएफ-ईएसआयचं आणि पाळणाघराचं काम करणारे आम्ही काहीजण